पुण्याच्या धुराची वाटणी

मी, सुगत शेषराव तायडे, वय चौपन्न, धंदा गाड्यांचा धूर तपासून दाखला देणे, राहणार अकोट रोड, अकोला, लिहून ठेवतो की माझा श्वास पुरत नसला तरी अक्कल अजून पुरते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. छातीवर आहे तो धुराचा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, "विड्या किती ओढता?" म्हटलं, साहेब, मी ओढत नाही, गाड्या सोडतात.

१. राहतं घर मुलगी दीक्षा हिला. तिच्या सासरच्यांनी त्यात सल्ल्यापुरतंही पाऊल ठेवू नये.

२. धूर मोजायचं यंत्रही दीक्षालाच. अट एकच : नळी ज्या गाडीचा दाखला, त्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालावी. समोरच्या केंद्रवाल्याने एक नवी कोरी जीप फक्त नळी लावायला उभी केली आहे. अख्ख्या अकोल्याच्या वतीने ती एकटी श्वास सोडते. त्या सद्‌गृहस्थाला माझ्या मयतीत भाषण करू देऊ नये.

३. कोणत्या मोठ्या शहराचा धूर किती घटला, याचे तक्ते पेपरात येतात. मुंबई इतकी, पुणे तितकं. अकोला तक्त्यात नसतं. घटलेला धूर गेला कुठे, हे मला विचारा. पुण्याने काढून टाकलेल्या जुन्या गाड्यांतून, एम.एच. बाराची पाटी लावून, तो आमच्या नाक्यावर आला.

त्यातलीच एक डिझेल मिनीबस माझा धाकटा भाऊ धर्मपाल याने घेतली. कापसाने हात दाखवल्यावर त्याने बैलजोडी विकली अन् शाळेची पोरं वाहू लागला. गाडीचा पत्रा खालून सडला आहे, धूर आत येतो. पोरं शाळेत पोचतात ती डोळे चोळत, पेंगत. मास्तर म्हणतात, आळशी आहेत. मी गाडी नापास केली. धर्मपाल रस्ता ओलांडून जीपवाल्याकडे गेला अन् पास होऊन आला.

४. म्हणून केंद्राची जागा आणि टिनाचं शेड धर्मपालला. अट : ती मिनीबस जहीरभाईंच्या भंगारात सर्वांदेखत कापावी. विकू नये, नाहीतर ती तिवशाला जाऊन तिथली पोरं वाहील.

५. मला खांद्यावर न्यावं. डिझेलची गाडी नको.

हे इथवर धर्मपाल अन् साक्षीदारांना वाचून दाखवलं, तेव्हा धर्मपालने विचारलं, "म्हंजे दादा, तुमी जावोस्तोर चालवू देता ना मले?"

जहीरभाई भडकले. "अबे, भावाच्या मरनाची वाट पाहून राह्यला का?"

"मंग पोट कायनं भरू? शाळा चालू हाय."

धर्मपाल चुकीचं बोलला नाही. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. पोरं रोज सकाळी बसतात. सबब कलम ४ रद्द.

६. जागा अन् शेड धर्मपालने आजच घ्यावं. मी मरायची गरज नाही. शेडची किल्ली मी टेबलावर ठेवली आहे. त्याने मिनीबसची किल्ली, गाडी आजच जहीरभाईंकडे कापायला, शेजारी ठेवावी, मगच साक्षीदारांनी सह्या कराव्यात.

ठिकाण : अकोला. १४ जुलै २००९.

लिहून देणार : सुगत शेषराव तायडे (सही)

साक्षीदार :
जहीर खान, भंगार व्यापारी (सही बाकी)
इंदूबाई वानखडे, शेजारीण (सही बाकी)