दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात अक्काची खुर्ची

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे कुरकुरतात म्हणून बसल्याबसल्याच घातलाय, तू पूर्ण धर.) तुझी कंबर काय म्हणते? लेक आणि नातू तुला घटकाभर टेकू देतात की नाही? मी अगदी मजेत आहे. परवा तू फोनवर म्हणालीस, की आता मी इकडे लेकीकडेच राहीन म्हणते, तिकडच्या माझ्या खोलीत तुझं कामाचं टेबल टाक. त्यावर मी नुसतं 'हं' म्हणून फोन ठेवला, कारण दूध उतू चाललं होतं. (दूध नव्हतंच. असो.)

तर आमच्या ऑफिसात नवं खूळ आलंय. लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे मी घरी एकटाच काढतो आणि पाठवून देतो, हे तुला ठाऊकच आहे. आता साहेबांचं फर्मान निघालं, की सगळ्यांनी एकत्र काढायचे. म्हणजे एकत्र बसायचं नाही हं, भलती आशा नको! ज्याने त्याने आपापल्या घरी ब्राउझर उघडायचा, साहेबांनी पाठवलेल्या लिंकवर टिचकी मारायची, की सगळ्यांपुढे एकच पांढरा फळा येतो. त्यावर प्रत्येकाचा एकेक रंगीत बाण फिरत असतो. साहेबांचा लाल, सुतारकाकांचा हिरवा, माझा कसलातरी मळकट. ते बाण पाहून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरात माणसं आल्यासारखं वाटलं. मी लगेच कोपऱ्यात लिहिलं, 'कसे आहात सगळे? चहा झाला का?' साहेबांचा बाण सरसरत आला, माझ्या प्रश्नाशेजारच्या बरोबरच्या खुणेवर टेकला आणि प्रश्न गायब झाला. (शंका मिटली की ती खूण दाबायची असते म्हणे.) माझी विचारपूस अशी निकालात निघाली.

मग मी सरावासाठी दुसरा फळा उघडून आपलंच स्वयंपाकघर काढलं. मध्येच चहा टाकायला उठलो, परत आलो आणि ओट्याशेजारी, जिथे बसून तू मला 'कांदा बारीक चीर' म्हणून हैराण करायचीस तिथे, एक खुर्ची काढून खाली लिहिलं, 'इथे अक्का बसते.' फळा मात्र चुकला होता. (आम्ही काढलेले सगळे ओटे सारखेच दिसतात, हे ऑफिसात बोलायचं नसतं.) तो होता दातांच्या डॉक्टरीणबाईंचा, म्हणजे आमच्या नव्या गिऱ्हाइकाचा. सुतारकाकांनी तिथेच खाली लिहून विचारलं, की अक्कांना पाठीची खुर्ची हवी की स्टूल चालेल? मी आपला तंद्रीत. लिहिलं, पाठ हवीच, कंबर दुखते. त्यांनी बिचाऱ्यांनी उशीसुद्धा घातली. इतक्यात जांभळा बाण अवतरला. डॉक्टरीणबाईंनी फार नम्रपणे विचारलं, की माझ्याकडे येणाऱ्या या अक्का कोण, आणि त्यांचा मुक्काम किती दिवस? तेव्हा कुठे माझी तंद्री उतरली. साहेबांनी मला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. मी खुर्ची पुसली. पण खोटं कशाला बोलू अक्का, तेवढा वेळ चार माणसं तुझ्याबद्दल विचारत होती, आणि मला फार बरं वाटत होतं. मग बाण एकेक करून निघून गेले. हल्ली घर खायला उठतं गं. चहासुद्धा दोघांचाच होतो हातून.

बाकी सर्व क्षेम. नातवाचा एक पापा घे, माझ्या नावावर.

तुझा,
धाकटा

ता. क. खोलीचं म्हणशील, तर टेबल टाकायला काहीच हरकत नाही. उजेड छान आहे तिथे. तू खुशाल तिकडे राहा, माझी काळजी नको.

पुन्हा ता. क. त्या खोलीचाही आराखडा काढून लेकीच्या मोबाईलवर लिंक पाठवलीय. टेबल सध्या दाराबाहेर ठेवलंय, कारण तुझा पलंग मध्ये येतो. फळ्यावरची कुठली वस्तू कोणी सरकवायची, ते ठरवून देता येतं. पलंगाचा अधिकार मी फक्त तुला दिलाय. आधी मी ओढून पाहिला होता, माझ्याच्याने नाही सरकवला गेला.