मीनूचा अंगठा आणि माझी शिस्त

८ जानेवारी १९८९, रविवार
अलका दिवाळीत नागपूरला माहेरी गेली, ती अजून तिकडेच. आराम हवा म्हणाली. कपाटातले सगळे कपडे नेले. तिला पॅकिंग कळतच नाही. शाळा बुडायला नको म्हणून मीनू इथे दिल्लीत माझ्याकडे. सात वर्षांची घोडी, पण दिवाळीपासून पुन्हा अंगठा चोखते.
ठरलं. या महिन्यात सवय बंद. मंत्रालयात अख्खा सेक्शन सांभाळतो मी, हा तर एक अंगठा.

१० जानेवारी
अंगठ्याला कारल्याचा रस लावला. मीनूने तोंड वाकडं केलं आणि चोखला.

१३ जानेवारी
मीनूने जेवताना कारल्याची भाजी मागितली. पद्धत योग्य दिशेने चालली आहे.

१७ जानेवारी
उजव्या हातात मोजा घालून वरून दोरा बांधला. शाळेनंतर तिला सांभाळणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी म्हणाल्या, भाईसाहब, अब बायाँ चूसती है. म्हणजे उजव्याची सुटली. निम्मं काम झालं.

२८ जानेवारी, शनिवार
आर. के. पुरमच्या मार्केटमधल्या दातांच्या डॉक्टर चंद्रप्रभा यांच्याकडे गेलो. वरचे नवे दात पुढे झुकलेत, दात मिटले तरी वरच्या-खालच्या दातांमध्ये फट राहते. सवय लवकर सुटली तर बरंचसं आपोआप सुधारेल, नाहीतर पुढे तार लावावी लागेल. ओरडू नका, म्हणाल्या. मी ओरडत नाही, मोठ्याने समजावतो.
कधीपासून, त्यांनी विचारलं. दिवाळीपासून. दिवाळीत घरात काही झालं होतं? काही नाही, मी म्हणालो.
मीनूने अंगठा काढला. "मम्मी रो रही थी. फिर चली गयी."
तिचं मराठी फारच कच्चं राहिलंय. लक्ष घालायला हवं.

१२ फेब्रुवारी, रविवार
अलका आली. चहा नको म्हणाली. मीनूला न्यायला आले, तिकडच्या शाळेत बोलून ठेवलंय, म्हणाली. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिला एकदा तरी जवळ घेतलंत का?" मोज्याबद्दल सांगायचं राहून गेलं.
स्टेशनवर सोडलं. मीनूने खिडकीतून एक हात हलवला. दुसरा तोंडात होता. मला विशेष काही वाटलं नाही. मुलांना हवापालट लागतो.

१९ मार्च, रविवार
नागपूरला फोन लावला. अंगठा सुटला, अलका म्हणाली. काय केलंस? काही नाही, माझ्या कुशीत झोपते. दातांमधली फटही कमी वाटते म्हणे.
काही उपायांचा परिणाम उशिरा दिसतो. पाया माझाच.
मीनूला विचारलं, दिल्लीला कधी येतेस? तिने फोन आईकडे दिला.
दुपारी पेपर वाचला. संध्याकाळी तोच पुन्हा वाचला.