बाद केलेले जोड

१९ जून १९९४

प्रिय लुत्सिना,

अनेक आशीर्वाद. पत्र आणि फोटो पोचले. पांढऱ्या झग्यात यागना गोड दिसते. चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला मावशी आली नाही म्हणून तू रुसलीस. कंबर धरली होती असं मी कळवलं होतं. कंबरेला काहीही झालं नव्हतं.

तू लिहितेस, जर्मनांनी बाद केलेले बूट इतके सुंदर, तर पास झालेले कसे असतील. अगं, ते पास होण्यासारखेच होते.

आठवतं ना, जुन्या राजवटीत दुकानातले बूट महिन्याभरात तोंड वासायचे. म्हणून आम्ही तपासनीस बायका निर्यातीच्या चांगल्या जोडांवर खडूनं फुली मारायचो आणि ते बाद म्हणून कारखान्याच्या विक्रीच्या खिडकीवरून घरच्यांना स्वस्तात मिळायचे. आईचे तसेच आले, तुझ्या लग्नातलेही. कुणाचं काही बिघडत नव्हतं. कागदावर सरकारी उद्दिष्ट पुरं झालेलं असायचंच.

सरकार बदललं, बाजार आला, माझा हात तोच राहिला. आधी तू मागितलेस, मग तुझ्या जावेनं, मग शेजारणींनी. मी फुल्या मारत गेले, बहुतेक आमच्याकडे शिवणाऱ्या ब्रोन्काच्याच जोडांवर, कारण तिची शिवण सगळ्यांत देखणी.

जर्मन गिऱ्हाइकानं मार्चमध्ये बाद मालाची यादी मागवली. पूर्वी कुणी मागवत नसे. यादीत बहुतेक जोडांपुढे शिवणारी म्हणून ब्रोन्काचंच नाव होतं. उत्तर आलं, या बाईला काढा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेऊ. एकवीस वर्षं शिवणारी ब्रोन्का त्याच दुपारी एप्रन टेबलावर ठेवून गेली.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. दार लावून म्हणाले, "तपासनीसच खोटी निघाली हे त्यांना कळलं, तर कुलूप लागेल. दीडशे बायका आहेत, रेगिना. एकटीवर भागतंय तर भागू दे." मी परत तपासणीच्या टेबलावर गेले. त्या दीडशेत मीही आहे.

देशाची निर्यात यंदा वाढली म्हणे. पेपरात आमच्या कारखान्याचं नाव आलंय. मी त्यावर बटाटे सोलले.

काल ब्रोन्का घरी आली होती. दुसऱ्या गावी शिवणकाम मागायला निघालीये, म्हणून तिला माझ्या सहीच्या दोन ओळी हव्या होत्या. साहेबांनी मनाई केलीय, असं मी सांगितलं. ते खरं होतं. ती बसली नाही. दारातच म्हणाली, "सगळे म्हणतात माझी नजर गेली. माझे जोड रोज तुझ्या हातातून जायचे. तूच सांग, गेली का गं?"

मी म्हटलं, "वय झालं की थोडंफार होतंच."

"बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

माझी समजूत घालणारं पत्र पाठवू नकोस. नाताळला मी येणार नाही. आणि कुणासाठी बूट मागू नकोस.

तिची नजर शाबूत आहे, लुत्सिना. हे मी तुला लिहू शकते, तिला नाही.

तुझी थोरली बहीण,
रेगिना