उजव्या पंखाच्या अठरा फासळ्या

प्रति,
मा. संचालक,
देवकीबाई स्मारक विज्ञान संस्था,
प्रताप नगर, नागपूर.

दिनांक: २ डिसेंबर १९८५

विषय: मोहोरबंद संगणक कक्ष चार तासांसाठी उघडून मिळणे व शिपाई श्री. नत्थूजी बावणे यांना दिलेली नोटीस मागे घेणे याबाबत.

संदर्भ: १) माझे अर्ज दि. २८ ऑक्टोबर, ६ नोव्हेंबर व १८ नोव्हेंबर.
२) कार्यालयाची उत्तरे दि. ४ व १४ नोव्हेंबर. (तिसऱ्या अर्जाला उत्तर मिळालेले नाही.)

महोदय,

१. यंदाच्या खंडेनवमीला सकाळी साडेदहा वाजता संगणक कक्षात पुढील वस्तू होत्या: संगणक एक, पडदा एक, छपाईयंत्र एक, फ्लॉपी सात, स्क्रू-ड्रायव्हरचा संच एक, झेंडूचे हार तीन, नारळ एक, उदबत्त्या दोन, हळद-कुंकवाचा करंडा एक. माणसे नऊ होती. नारळ आपल्या हस्ते बाहेरच्या पायरीवर फोडण्यात आला. पूजा नत्थूजींनी केली.

२. मी भौतिकशास्त्र विभागात हंगामी प्रयोग-सहायक आहे. माझी मुदत ३१ डिसेंबरला संपते. येत्या रविवारी, ८ डिसेंबरला, छात्र प्रशिक्षण केंद्रात विमान-प्रतिकृती शिक्षकाच्या एका जागेसाठी चाचणी आहे. अट अशी की उमेदवाराने स्वतः आखलेले, रेडिओने चालवायचे छोटे विमान आणावे. केंद्राने मोजून दिलेल्या तीस घनसेंटिमीटर इंधनात ते किमान पाच मिनिटे हवेत राहावे. वय पंचविसाच्या आत असावे अशी अट आहे. १४ जानेवारीला मला पंचवीस पूर्ण होतात. पुढची चाचणी दोन वर्षांनी आहे. माझ्यापुरती ही चाचणी पहिली आणि शेवटची आहे.

३. आपल्याच परवानगीने मी ऑगस्टपासून रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत कक्षातील ड्रॉइंगच्या प्रोग्रामवर विमानाचा पंख आखला. पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात, पतंगाच्या कमचीसारख्या, पण उभ्या. डाव्या पंखात अठरा, उजव्यात अठरा. बुडाची फासळी एकवीस सेंटिमीटर, टोकाची बारा, आणि मधली एकही दुसरीसारखी नाही. हाताने काढलेल्या चित्रात एक रेषा बदलली तर बाकीच्या सतरा पुन्हा काढाव्या लागतात. पडद्यावर त्या आपोआप बदलतात. म्हणून मी आकडे वहीत उतरवले नाहीत. रेषा डोळ्यांनी पाहून हलवत गेले आणि फ्लॉपीवर साठवत गेले. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी खोळीतली पातळ तबकडी; खोळीला एक लांबट खिडकी असते व त्या खिडकीतून संगणक तबकडी वाचतो.

४. डाव्या पंखाच्या फासळ्या मी छापून घेतल्या, कागद लाकडावर चिकटवून कापल्या व पंख जोडला. उजव्याचे लाकूड तेव्हा आलेले नव्हते. कापण्याआधी आकार गिरवून ठेवायला हवे होते. ते माझ्याकडून राहिले, कारण फ्लॉपी होती.

५. नत्थूजी रोज सहा वाजता कुलूप लावायला येत व मी उठेपर्यंत स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत. सप्टेंबरमध्ये एकदा त्यांनी विचारले की बाई, रोज जपून नेता-आणता ते काय आहे. मी सांगितले, या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. हे वाक्य मी बोलले, याला माझा दुजोरा चौकशीच्या कागदात आलेला नाही, म्हणून तो येथे नमूद करते.

६. पूजेच्या वेळी मी दाराजवळ उभी होते. आमच्या घरी ही पूजा होत नाही. दुसऱ्याच्या पूजेत मध्ये बोलू नये असे वडिलांचे, महादेवरावांचे, वळण आहे. नत्थूजींनी सहा फ्लॉपींवर एकेक फूल ठेवले. माझी सातवी. तिच्या खिडकीत बोट घालून त्यांनी आधी हळद लावली, मग कुंकू. त्यांचा जबाब आपल्याकडे आहेच. तो देताना मी हजर होते म्हणून आठवतो तसा देते:

"बाईनंच सांगतलं होतं साहेब, का हे चीज सगळ्यात मोलाची हाये. बाकीच्याइले फूल वाहिलं. पण हिले फुलावर कसं भागवू? अन् वरच्या काळ्या खोळीवर लावून काय फायदा? देवाच्या पायाले कुंकू लावतेत, पितांबराले थोडंच लावतेत!"

७. दसऱ्यानंतर मी कापसाने तबकडी पुसली व यंत्रात घातली. खरखर आवाज आला व पडद्यावर काहीच उमटले नाही. दुसरी प्रत मी घरी ठेवलेली होती. ती आणून मी त्याच यंत्रात घातली. यंत्राच्या आतल्या वाचणाऱ्या टोकाला कुंकवाचे कण चिकटले असणार, ते आधी पुसायला हवे, हे विज्ञानाच्या पदवीधराला सुचायला पाहिजे होते. सुचले नाही. दुसऱ्या तबकडीवर गोल चरा पडला. पहिली प्रत श्रद्धेने गेली. दुसरी माझ्या घाईने. दुसरीशी नत्थूजींचा काही संबंध नाही.

८. माझ्या पहिल्या अर्जावर कार्यालयाने कळवले की साठा-नोंदवहीनुसार फ्लॉपी सात, प्रत्यक्ष मोजणीत सात, सबब संस्थेचे कोणतेही नुकसान झालेले नाही. दुसऱ्या अर्जात मी विनंती केली की सातवी वाचता येत नाही एवढी तरी नोंद व्हावी. उत्तर आले की नोंदवहीत 'वाचता येते किंवा कसे' असा रकाना नाही. त्याच उत्तरात कळवले की नुकसान झाल्याची तक्रार आलेली असल्याने ते कोणी केले याची चौकशी सुरू करून कक्ष पुराव्यादाखल मोहोरबंद करण्यात येत आहे. म्हणजे नोंदवहीपुरते नुकसान नाही आणि चौकशीपुरते आहे. यंत्राच्या तोंडावर सुतळी बांधून लाख लावली आहे. कुंकू अजून आतच आहे. चौकशीची नोटीस नत्थूजींना दिली आहे, आणि पुराव्याच्या राखणीसाठी कक्षाच्या दाराशी स्टुलावर ज्यांना बसवले आहे, तेही नत्थूजीच आहेत.

९. २५ नोव्हेंबरला मुख्य लिपिक श्री. कृष्णकांत यांनी मला तोंडी मार्ग सांगितला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या ना बाई, का नत्थूनं जाणूनबुजून केलं म्हणून. दोषी भेटला का चौकशी खतम, चौकशी खतम का कुलूप खुल्लं. नाही तं बसा मोजत, सात हायेत म्हणून. रडून काहून राहिल्या?"

मी कक्षाबाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्या दोन ओळी लिहिल्या. हे लपवत नाही. सही तेवढी राहिली होती. माझा हात थांबलेला पाहून नत्थूजी स्टुलावरून उठले व म्हणाले, "पेन चालून नाही राहिली का? हे घ्या माही."

त्यांना वाचता येते, पण त्यांनी कागदाकडे पाहिले नाही. मी त्यांची पेन घेतली, झाकण लावून परत दिली. तो कागद या अर्जाला जोडलेला नाही व कोठेही नाही.

१०. त्यानंतर मला एकच मार्ग उरला. डाव्या पंखावर आईने, सुभद्राबाईंनी, पतंगाचे ताव खळीने चिकटवलेले होते. ते तिने स्वतःच भिजवून सोडवले. नत्थूजी बुधवारी, २७ नोव्हेंबरच्या सुटीला, हुडकेश्वरहून सायकलने आमच्या घरी आले. त्यांनी पंख धरला, मी दोऱ्याने व कॅलिपरने अठराही फासळ्या मोजल्या. जोडलेल्या फासळीला सांध्याजवळ कॅलिपर लागत नाही. तेथे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चूक होते. त्या मापांवरून उजवा पंख हाताने केला. डाव्याचे वजन १२८ ग्रॅम भरले, उजव्याचे १४१. विमान उजवीकडे झुकते. सरळ ठेवायला सुकाणू सतत डावीकडे दाबून धरावे लागते व तेवढे इंधन वाया जाते. मूळ आराखड्याप्रमाणे हिशेब पाच मिनिटे चाळीस सेकंदांचा होता.

११. कक्षाबाबत माझी मागणी एवढीच आहे. उद्या मंगळवारी व परवा बुधवारी, पाच ते सात, कक्ष उघडावा. यंत्राचे टोक स्पिरिटने पुसायला दोन मिनिटे लागतात. स्पिरिट व कापूस मी आणते. हाताने घेतलेली मापे प्रोग्राममध्ये घातली की अर्ध्या मिलिमीटरच्या चुका पडद्यावर ताबडतोब दिसतात व रेषा सरळ करता येते. बुधवारी सातला अठरा फासळ्यांचे कागद हातात आले, तर गुरुवारी कापणे, शुक्रवारी जोडणे, शनिवारी ताव लावणे. रविवारी सकाळी आठला चाचणी. यात एकही दिवस जास्तीचा नाही. परवानगी गुरुवारी मिळाली तर तिचा उपयोग राहणार नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

१२. दोषी ठरवल्याशिवाय लाख काढता येत नसेल तर दोषी म्हणून माझे नाव लिहावे. परिच्छेद ५ व ७ मध्ये त्याला पुरेल एवढे मी स्वहस्ते लिहून दिले आहे. मुदतीचे उरलेले एकोणतीस दिवसही त्यासाठी कापले तरी चालतील. चार तास मात्र आधी द्यावेत. नत्थूजींची सेवा एकवीस वर्षांची आहे. एखाद्या वस्तूला मोलाची म्हटल्यावर तिच्याशी मोलाच्या वस्तूसारखे वागणे, याहून दुसरे त्यांनी काही केलेले नाही; सबब त्यांची नोटीस मागे घ्यावी.

१३. फ्लॉपी सातच आहेत, हे मला मान्य आहे.

उद्या पाच वाजता कक्षाच्या दाराशी हजर राहणारी,
अर्जदार

(सही)
चारुशीला महादेवराव ठवरे, बी.एस्सी.
हंगामी प्रयोग-सहायक, भौतिकशास्त्र विभाग

सोबत:
१) चाचणीच्या सूचनापत्राची प्रत.
२) ऑगस्टमधील परवानगीपत्राची प्रत.
३) डाव्या पंखाच्या अठरा फासळ्यांची हाताने घेतलेली मापे, पाने चार.
४) दुसऱ्या फ्लॉपीवरील चऱ्याचे मोजमाप: रुंदी ०.३ मिलिमीटर, पूर्ण वर्तुळ.
५) उड्डाणाची नोंद. रविवार, दि. १ डिसेंबर १९८५, सकाळी ७.४०, हुडकेश्वरच्या पुढचे मोकळे रान. वारा जवळजवळ नाही. इंधन तीस घनसेंटिमीटर. रेडिओ अर्जदाराच्या हाती, घड्याळ नत्थूजी बावणे यांच्या हाती. वेळ: चार मिनिटे एक्केचाळीस सेकंद.