गादी रिकामी राहू दे

बारामती,
गुरुवार, ता. ५ नोव्हेंबर १९९८
दुपारचे पावणेतीन

प्रिय भागूअक्का,

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आहे. शेठ घरी जेवायला गेले आहेत आणि मी मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढत होतो. ते काम तसंच ठेवून लिहायला बसलो. माझं पत्र आलं की तू आधी धसकतेस, म्हणून पहिल्यांदा हे लिहितो, की आई बरी आहे. शेळी व्याली, एक बोकड आणि एक पाट. गावी लोणीला बाजरी बरी झाली. दाजींना नमस्कार, छकुलीला पापा. हे पत्र मात्र तू एकटीनं वाच. तुला जोडाक्षरं अडतात हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. मी तरी कुठे मोठा शिकलेला, नववीतनं उठलेला. पण औषधाच्या नावात एक अक्षर चुकलं तर माणूस दगावेल, या धास्तीनं लिहिणं तेवढं नीट जमलं.

सोमवारी आपल्या भावकीतले म्हस्कूतात्या दुकानात आले होते. खोकल्याची बाटली घेतली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुज्या बानं, आज्यानं बिरोबाची गादी चालवली, आन् तू हितं गोळ्या इकत बसलायस व्हय?" गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. मग त्यांनी काउंटरवरचा माझा हात उचलून आपल्या तळहातावर ठेवला. मेंढरू विकत घेताना त्याचा पाय धरून बघतात तसा धरून ठेवला. मग सोडून दिला आणि म्हणाले, "न्हाय. तुज्यात वारं न्हाय." त्यांना माझी कीव आली होती. आबा जाऊन तीन वर्षं होत आली, गादी रिकामी आहे, चैत्रातल्या जत्रेआधी तिच्यावर धनी बसवायचा असं भावकीनं ठरवलं आहे. ते आणखी एक गोष्ट बोलले, ती मी शेवटी लिहितो. आधी लिहिली तर पुढचं तू वाचणार नाहीस.

पण मला भीती कशाची वाटते ते आत्ताच सांगतो. गादीवर बसलेल्याला भंडारा लावला की त्यानं दिवसातून एकदाच जेवायचं, रविवारी नुसत्या ताकावर राहायचं आणि डॉक्टरची सुई कधी अंगाला लावून घ्यायची नाही. अक्का, हा नेम माणसाला मारतो. आबांना त्यानंच लवकर नेलं.

तुला आठवतं का, आबांचं पहिल्यांदा बिघडलं ते कातरणीच्या वेळी. लोकर कातरावी तर आबांनी, मेंढराला कळायचंसुद्धा नाही. त्या साली त्यांच्या हातातली कात्री आपोआप उडाली आणि मेंढीच्या मांडीला लांब चीर पडली. आबा किती तरी वेळ आपल्या हाताकडं बघत बसले होते. मग जत्रेत गजीचा नाच चालू असताना ढोल थांबला, सगळे थांबले, आणि आबांचे खांदे आणि पाय थांबेनात. लोकांनी चांगभलं केलं. त्यांच्या डोक्यावर एवढा भंडारा ओतला की ते डोळे उघडू शकत नव्हते. आई आनंदानं रडत होती. त्या दिवसापासून आपल्या घराला मान आला. मोरगावपासनं माणसं यायची, पाऊस कधी पडेल, हरवलेली मेंढरं कुठं गेली, विचारायची. आबा काहीतरी पुटपुटायचे आणि लोक त्याचा अर्थ लावायचे.

एका संध्याकाळी मी भाकरी खात बसलो होतो. आबा आईला हळू आवाजात म्हणाले, "मला कुनी काय बी सांगत न्हाय गं. आंगच आपसूक हलतंय." आई म्हणाली, असं पुन्हा कुणासमोर बोलू नका. ते पुन्हा बोलले नाहीत. नंतर तर बोलताच येईना. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला, ताकाचा घोट घेतला तरी ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. आपण सगळे त्याला तप म्हणत होतो.

हे तप नव्हतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. पुण्याच्या डॉक्टरांचं मेंदूच्या आजारांचं शिबिर इथे बारामतीत भरलं होतं. शेठनी मला औषधांची खोकी घेऊन पाठवलं. तिथे रांगेत एक बागवानाची बाई बसली होती, फलटणकडची. तिची बोटं मांडीवर पेटी वाजवल्यासारखी चालली होती, खांदा मध्येच उडायचा, भुवया वर जायच्या. अक्का, तोंड झाकलं असतं तर मी तिला आबाच म्हटलं असतं. तिच्या घरचे त्याला जिन्नाची हवा म्हणत होते. मी खोकी खाली ठेवली आणि उभाच राहिलो. मनात एकच आलं, की बिरोबा बागवानाच्या घरी कशाला जाईल?

शिबिर उठल्यावर मी त्या डॉक्टरबाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, तुमच्या घरी कोणाला आहे? मी आबांचं सांगितलं. त्यांच्या आधी कोणाला, म्हणाल्या. मला नीट सांगता येईना, म्हणून मी आपली गादीची ओवी म्हटली, तिथेच, सतरंज्या गोळा करणाऱ्या माणसांसमोर. खापरपणजा सिदू, त्याचा लेक येसू, त्याचा धाकटा मायाप्पा, त्याचा बिरू, म्हणजे आपले आबा. बाई कागदावर चौकोन काढत गेल्या आणि एकेक चौकोन काळा करत गेल्या. ओवी संपली तेव्हा म्हणाल्या, यात बाया कशा नाहीत? मी म्हटलं, बाया गादीवर बसत नाहीत. मग मला नकोशीआत्या आठवली. ती चालताना झोकांड्या खायची म्हणून सासरच्यांनी ती दारू पिते असं ठरवलं आणि माहेरी आणून टाकली. पुढे ती विहिरीत सापडली. आबांच्या चौकोनाशेजारी बाईंनी एक गोल काढला आणि तोही काळा केला. जी ओवी म्हणताना आपली छाती भरून यायची, ती एका आजाराची वंशावळ होती.

बाईंनी मला जे समजावलं ते जसं समजलं तसं लिहितो. आईबापाकडून लेकराला जे येतं, नाक, रंग, उंची, त्याची आज्ञा रक्तामांसाच्या कणाकणात लिहिलेली असते. त्यातल्या एका ठिकाणी एक तुकडा लागोपाठ काही वेळा यायला हवा, तो या घराण्यांत फार जास्त वेळा येतो. त्यामुळे तिशी-चाळिशीनंतर मेंदूचा एक भाग झिजत जातो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक लेकराला निम्मी भीती, मुलगा असो की मुलगी. नेमकी जागा १९९३ साली सापडली. ती सापडली कशी माहीत आहे? दूर परदेशात एका मोठ्या तळ्याकाठी कोळ्यांची गावं आहेत, तिथे घरोघर हा आजार आहे. त्या माणसांनी वर्षानुवर्षं आपलं रक्त दिलं. तेही आपल्यासारखेच, होडी आणि जाळं सोडून दुसरं काही नसलेले. मला त्या रात्री झोप लागली नाही, पण वाईट वाटून नव्हे. आपण एकटे नाही, एवढंच सारखं मनात येत होतं.

औषध आहे का, हे मी तीनदा विचारलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. आजार थांबवणारं औषध आज नाही. आता उंदरांत तोच दोष घालून बघतात. त्यांच्या मेंदूत बारीक गुठळ्या दिसल्या आहेत, पण गुठळ्यांनी आजार होतो की आजारानं गुठळ्या, हे अजून कुणाला ठाऊक नाही. अंगाचं हलणं कमी करणारी गोळी मात्र आहे. ती आमच्या दुकानात वरच्या फळीवर आहे, आबा होते तेव्हाही होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे अन्न. अंग सतत हलत असतं म्हणून बसल्या जागी नांगर ओढल्यासारखी ताकद जळते. अशा माणसाला इतरांच्या दुप्पट खायला लागतं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, तूप घालून. पातळ ठसक्यानं छातीत जातं, घट्ट द्यावं. आणि आपण आबांना एकभुक्त ठेवलं, रविवारी ताक पाजलं. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी लिहायचं थांबवलं आणि नुसता माझा खांदा धरला.

मग त्यांनी विचारलं, तुला स्वतःचं जाणून घ्यायचं आहे का. नाही म्हणालास तरी चालेल, पुष्कळ शिकलेली माणसं नाही म्हणतात. मी पुण्याला दोनदा जाऊन त्यांच्याशी नुसता बोलून आलो. निकाल ऐकताना बरोबर कोण असेल, असं विचारलं तेव्हा मला तुझंच नाव आठवलं. पण तुला सांगावं तर तुझाही प्रश्न निघाला असता, म्हणून एकटाच गेलो. रक्त दुसऱ्या शहरात पाठवलं. गणपती उठले त्या आठवड्यात निकाल आला. अक्का, माझ्यात तो दोष नाही. तात्यांनी हात धरून जे ओळखलं, तेच कागदावर आलं. मी स्वारगेटला येऊन बाकावर बसलो आणि बारामतीच्या दोन गाड्या सोडून दिल्या. आनंद व्हायला हवा होता. पण धाकट्याच्या वाटणीचं सुटलं म्हणून थोरलीच्या वाटणीचं सुटत नाही, हे बाईंनी मला निघताना समजावलं होतं.

आता ते शेवटचं. म्हस्कूतात्या सोमवारी लोणीहून नव्हते आले, ते लासुर्ण्याहून तुला बघून आले होते. म्हणाले, "बाईमानसाला गादी दिल्याली न्हाय आजवर. पर बिरोबानंच घर निवडलं तर आमी कोन?" तुझ्या सासूबाई खूश आहेत, भंडारा लावायच्या आधीच, दसऱ्यापासून तुझा नेम सुरूही झाला, हे त्यांच्याकडूनच कळलं. मला नवल वाटलं नाही. भाऊबीजेला तू ओवाळत होतीस तेव्हा ताटातली सुपारी काठावर टकटक वाजत होती. छकुली हसली, तर तू तिला म्हणालीस, ताट हलकं हाय म्हणून वाजतंय. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी ओवाळणी टाकली आणि पाया पडलो. हात हलायला दुसरीही कारणं असतात, असं बाई सांगतात, म्हणून त्यांना एकदा दाखवायलाच हवं. रक्त द्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. छकुलीचं आज काहीच बघायचं नाही, लहान लेकराचं बाई बघतही नाहीत, ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल, आणि तोवर ते उंदरांवाले लोक काही स्वस्थ बसलेले नसतील. पण भंडारा लावून घेऊ नकोस. गादी रिकामी राहू दे. १५ तारखेच्या रविवारी मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं लासुर्ण्याला येतो. दाजींशी मी बोलेन, सासूबाईंचे पाय धरेन, भावकीनं मला वाळीत टाकलं तर टाकू दे. माझे हात शेवटपर्यंत थरथरणार नाहीत, हे आता लिहून मिळालं आहे. ते कुणासाठी, हे मला स्वारगेटच्या बाकावर कळत नव्हतं. रविवारी सगळ्यांसमोर मी तुझा उपास सोडवणार आहे, पहिला घास माझ्या हातानं.

तुझाच,
मल्हार