श्वासाची जागा

३ जून
नाट्यगृहाच्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहायची नोकरी! रेडिओ दुरुस्त करता करता कान तयार झाला, त्याचं हे फळ. खोली उजेडाची, टेबलावर नवाकोरा संगणक. सगळी वाद्यं त्यातच. ना चहा मागतात, ना रजा. बासरीवाले मामा (सगळ्यांचेच मामा) दारात उभे राहून म्हणाले, जावईबापू आले म्हणायचे! जिना चढून आले होते. श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजते त्यांच्या.

५ जून
संगणकावर बासरीची ओळ लिहिली. लांबलचक, कुठेही न तुटणारी. ऐकून माझा मीच खूश. तालमीत मामांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, श्वास इथे घेऊ की घरी जाऊन घेऊन येऊ? सगळे हसले. मीही हसत म्हणालो, संगणकाची बासरी कुठे दमते? मामांचं हसू मावळलं. इथला दंडक असा, की लिहिणाऱ्याने दिलेला श्वासच घ्यायचा, पदरचा नाही. बघतो म्हणाले.

७ जून
मामांनी वाजवली. सलग! पाठ थोपटायला गेलो. आमचे कान तिखट. पण मामांच्या छातीतून काहीच ऐकू आलं नाही. शीळही नाही. हात गार. डबा घेऊन आलेल्या मामी कौतुकाने सांगत होत्या, काल घरी हीच ओळ घोकत बसले, मग रात्री ह्यांचं घोरणं नाही, बाळासारखे झोपले.

८ जून
ओळीत जागोजागी विराम घातले. संगणकावर लावून पाहिली. पहिल्याच विरामात कुणीतरी श्वास घेतला. शेवटी — बारीक शीळ.

९ जून
नवा कागद दिला. हात जोडले. मामा विरामापाशी थांबले, तोंड उघडलं — आत काही जाईना. ओठ निळे. घाईघाईने पुन्हा वाजवू लागले. थांबलं की अंधारी येते म्हणे. ओळ पुसून टाकावी? त्यांचा श्वास तिच्यातच आहे. पुसली तर —

१० जून
मीच वाजवतो, वृंदातली दुसरी बासरी घेऊन; मोडकीतोडकी येते मला. अख्खी, विरामांशिवाय. माझा श्वास घे, त्यांचा सोड.

दुपारी
वाजवली. मामा तसेच, पलीकडच्या खोलीत न थांबता वाजवतायत. संगणकात आता दोन श्वास. दुसरा — माझा.

बासरी खाली ठेवली तशी अंधारी आली पेन उचललं तेव्हा जरा बरं वाटलं म्हणून लिहितोय पलीकडे मामांची बासरी चालूच होती आत्तापर्यंत आता ऐकू येत नाही मामी हाका मारतायत दार वाजवतायत उघडायला उठलो तर हात थांबेल आणि हात थांबला तर