इथिओपियाची चिठ्ठी

बोरीवली (पूर्व),
मंगळवार, १० डिसेंबर १९८५

ती. सौ. रत्नप्रभा अक्कास,
धाकट्या सुगंधाचा नमस्कार.

आम्ही तिघं इकडे बरी आहोत. तू, भावोजी आणि मुलंही मजेत असाल. प्रेमा सातवीत गेली, उंचीला माझ्या कानापर्यंत आली. आमचे हे कांदिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात लागले, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. मशीनपुढे उभं राहून पाय सुजतात, पण घरी येताना शीळ घालत येतात. गिरणी सुटल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती.

अडीच वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फोडलंस की नाही, कोण जाणे. फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच. भाऊच्या लग्नात तू माझ्याकडे पाठ करून बसलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारबद्दल आत्ता लिहीत नाही. आधी आनंदाची बातमी. परवा रविवारी मला स्वयंपाकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

कसं ते सांगते. मी इथे एका सोसायटीत दोन घरी पोळ्या करते. हेही तुला ठाऊक नसेल. त्यातल्या एका घरच्या वनमालाताई महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. मंडळाने या वर्षी देशोदेशीच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली. चिठ्ठीत ज्या देशाचं नाव येईल, त्या देशाचं पारंपरिक, नावाजलेलं जेवण करायचं. हॉल देवळाचा, म्हणून सगळं शाकाहारी. वनमालाताई म्हणाल्या, "सुगंधा, तूही नाव दे गं. तुझ्या हाताला चव आहे."

चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी नुसता गलका. कुणाला इटली, कुणाला जपान, कुणाला मेक्सिको. मी चिठ्ठी उघडली आणि अक्षरं लावत मोठ्याने वाचली, "इथिओपिया." मग मागून कुणीतरी म्हणालं, "वाट लागली. रिकामं ताट मांडायचं, झालं." सगळ्या हसल्या.

तिकडचा दुष्काळ तू टीव्हीवर पाहिला असशील. ती हाडं वर आलेली पोरं, डोळ्यांवर माश्या. वनमालाताईंना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "तिकडे बिचारी माणसं उपाशी मरतायत, त्यांचं कसलं आलंय नावाजलेलं जेवण. दे ती चिठ्ठी, दुसरी घे."

मी चिठ्ठी मुठीत धरली. "नको ताई, हीच राहू दे," म्हटलं. का म्हटलं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

वाचनालयात गेले. तिथल्या माणसाने पुस्तक काही दिलं नाही, पण पत्ता दिला. बाभईला वसुधा आगाशे म्हणून निवृत्त शिक्षिका राहतात, त्या अकरा वर्षं इथिओपियाच्या शाळेत गणित शिकवत होत्या. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्हाला जमायचं नाही. त्यांची भाकरी, इंजेरा, टेफ नावाच्या धान्याची असते. खसखशीएवढं बारीक धान्य. इथे कुठून आणणार?"

"दुसरं काही चालणार नाही का?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाचणी तिकडेही पिकते. काही ठिकाणी नाचणीचीही करतात. पण पीठ चांगलं तीन दिवस आंबवायला लागतं. मग तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओतायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वरती भोकं पडली पाहिजेत. त्या भोकांना ते डोळे म्हणतात."

अक्का, मला हसूच आलं. "बाई, याला आमच्याकडे आंबोळी म्हणतात आणि भोकांना जाळी. मला फक्त त्यांची चव सांगा, हात माझा आहे." तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला आत बसायला सांगितलं.

मग रोज दुपारी पोळ्या उरकल्या की मी बाभईला. त्या स्वतः शाकाहारी, तरी तिकडे अकरा वर्षं त्यांचं काही अडलं नाही. का, तर तिकडची माणसं बुधवार-शुक्रवार उपास धरतात, त्या दिवशी मांसमच्छी नाही आणि दूधतूपही नाही. त्या उपासाचं जेवण त्यांनी मला शिकवलं. शिरो म्हणजे भाजलेल्या चणाडाळीच्या पिठाचं, लाल तिखटाचं दाट कालवण. मिसिर वोट म्हणजे मसूरडाळ, पण कांदा आधी तेलाशिवाय परतत राहायचा, पार विरघळेपर्यंत. आणि लसूण घातलेली पालेभाजी. मसाला कुटताना त्या एकेक जिन्नस नाकाला लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. "अजून नाही. मेथी कमी पडतेय." पाचव्या खेपेला त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

इंजेरा मात्र हाताला येईना. नाचणीच ती, उचलायला गेलं की तुकडे. थंडीत पीठही आंबेना, मी भांडं यांच्या घोंगडीत गुंडाळून ठेवायची. आठ दिवस उरले आणि माझा धीर सुटत चालला. तेव्हा तू आठवलीस. कणकवलीला आंबोळी तुटायला लागली की तू आईच्या नकळत मूठभर शिजलेला भात कुस्करून पिठात घालायचीस. इंजेरात भात चालणार नव्हता, म्हणून मी डावभर आंबलेलं पीठच घेऊन पाण्यात शिजवलं, खळीसारखं झाल्यावर परत भांड्यात मिसळलं, तासभर थांबले. बिडाच्या तव्यावर ओतलं तर एकामागून एक डोळे उघडत गेले आणि अख्खी इंजेरा रुमालासारखी हातात आली.

वसुधाताई तव्याजवळ आल्या. "हे तुला कुणी सांगितलं? तिकडच्या बायका अगदी हेच करतात."

"माझ्या मोठ्या बहिणीनं."

"कुठे असते?"

"मुलुंडला."

"मग तिला घेऊन ये की एकदा."

मी वळून दुसरी ओतायला घेतली.

परवाचा दिवस. हॉलमध्ये बावीस टेबलं. इटलीवाल्यांच्या पिझ्झ्याभोवती ही गर्दी. मेक्सिकोची मक्याची भाकरी आणि राजमा खरंच झकास होता. जपानच्या बाईंनी भाताच्या वळकट्या पालकाच्या पानात गुंडाळल्या होत्या. स्वित्झर्लंडच्या माणिकने डब्यातलं चीज वितळवून त्यात पाव बुडवून खायचं काहीतरी केलं होतं. परीक्षक येईपर्यंत ते असं थिजलं की पावाबरोबर कढईच वर यायला लागली. ती बिचारी रडवेली झाली, मग मीच तिला गरम पाण्याच्या परातीत कढई ठेवायला लावली.

माझ्या टेबलावर एकच मोठं ताट. त्यावर काठापर्यंत इंजेरा पसरलेली, वर शिरो, मसूर आणि भाजीचे ढीग. परीक्षक तिघी. त्यातल्या मुख्य बाई कॉलेजात पाकशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "आम्हाला वेगवेगळ्या बश्यांत द्या."

मी म्हटलं, "बश्या नाहीत, बाई. तिकडे सगळी एकाच ताटात जेवतात. चमचाही नसतो."

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पोळ्या करणारीच्या ताटात तिघींनी मिळून हात घालायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. तेवढ्यात वसुधाताई खुर्चीवरून उठल्या, पुढे आल्या, इंजेरेचा तुकडा तोडून त्यात शिरो धरला आणि घास थेट मुख्य बाईंच्या तोंडाशी नेला. "याला तिकडे गुर्शा म्हणतात. ज्याच्यावर माया असते त्याला आपल्या हाताने भरवायचं. नाही म्हणायची पद्धत नाही."

बाईंनी तोंड उघडलं. चावलं. मग स्वतःच पुढचा तुकडा तोडला. मग दुसरीने, मग तिसरीने. कालवणं संपली, तर खाली रस पिऊन मऊ झालेली इंजेराही त्यांनी फाडून खाल्ली. ताट धुतल्यासारखं झालं. पुढची कितीतरी टेबलं बघायची राहिली होती आणि या बोटं चाटत उभ्या.

पहिलं बक्षीस म्हणून माझं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांत आधी माणिकने टाळ्या वाजवल्या. वनमालाताईंनी माझ्या हातात माईक दिला. "दोन शब्द बोल," म्हणाल्या. अक्का, मी कधी चार माणसांत तोंड उघडलेलं नाही, तुला माहीत आहे. पण समोर बघितलं तर हे शेवटच्या रांगेत उभे होते, कारखान्याच्या कपड्यांत. आणि मी बोलले. अगदी हेच शब्द.

"चिठ्ठी निघाली तेव्हा तुम्ही हसलात. माझा राग नाही. पण दुष्काळ पडला म्हणजे त्या माणसांना चव नव्हती, असं नाही. संपाच्या वेळी आमच्या घरी चूल पेटत नव्हती. म्हणून मला स्वयंपाक येत नव्हता, असंही नाही."

यांनी आजपर्यंत त्या दिवसांचा उच्चार घरात होऊ दिलेला नाही. मला वाटलं, आता हे निघून जातील. हे गर्दीतून वाट काढत पुढे आले, टेबलाजवळ थांबले आणि टोपात उरलेला शिरो बोटाने चाखला. "ह्यां तर आपलां पिठलां गो," म्हणाले. डोळे लाल झाले होते. वनमालाताई म्हणाल्या, "दत्तारामभाऊ, तुमचीच बायको आहे, घरी रोज मिळेल." तेव्हा सगळे हसले, आणि हेही हसले.

आणखी एक. मंडळ जानेवारीपासून स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र काढतंय. स्वयंपाकघराची प्रमुख म्हणून मला नेमलंय. हाताखाली सहा बायका. आता दुसऱ्यांच्या ओट्यांवर नाही.

आता त्या दुपारचं लिहिते. दोनशे परक्या माणसांना सांगून बसले, मग तुझ्यापासून का लपवू.

तू मुलांना घेऊन मुलुंडहून दोन गाड्या बदलून आली होतीस. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आत्ता बाहेर निघालेय, पुन्हा कधीतरी ये." तू म्हणालीस, "सख्ख्या बहिणीला उंबऱ्यावरून परत पाठवतेस?" मी तुझ्या मुलांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

अक्का, मी कुठेही निघाले नव्हते. घरात साखर नव्हती, चहा नव्हता, दाणा नव्हता. सकाळी शेवटच्या नाचणीची आंबील प्रेमाला दिली होती, आणि ती भूक विसरावी म्हणून मी तिला निजवली होती. तू आत आली असतीस तर डबे बघितले असतेस. भावोजींनी यांना संप सोडून कामावर जा म्हणून सांगितलं होतं आणि यांनी ऐकलं नव्हतं. तुमच्याकडे आमच्या उपासमारीचं नाव निघावं, हे मला सोसलं नसतं. म्हणून मी तुला दारातून घालवली. दार लावून तिथेच खाली बसले. जिन्यावरून तुझ्या धाकट्याचा आवाज येत होता, "आई, मावशी रागावलीय का?"

मी रागावले नव्हते. मला लाज वाटत होती. एवढं सांगायला अडीच वर्षं लागली. चूक माझी होती.

येत्या रविवारी वसुधाताई आमच्याकडे जेवायला येतायत. त्याच ताटात जेवायचं आहे आणि त्या ताटाभोवती दहा माणसं सहज बसतात. तू, भावोजी, मुलं सगळी या. येणार असशील तर उत्तर धाडत बसू नकोस, नुसती ये. येणार नसशील तर मात्र दोन ओळी लिही, म्हणजे त्याच्या पुढच्या रविवारी पीठ घेऊन मीच मुलुंडला येते. तू दारात उभी केलीस तरी मी तिथून हलणार नाही.

तुझीच,
सुगंधा